सण सर्वांचा, नाव आपले : सणासुदीच्या मालावरील व्यापारचिन्हाचे धोके

भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत करी रोड, लालबाग, चिंचपोकळी या पट्ट्यातील औषधालयांचे रूप पालटलेले असते. गणेशोत्सवात दर्शनाच्या रांगांतून दमून आलेल्या भाविकांसाठी वेदनाशामक तेले आणि पाचक गोळ्या दर्शनी मांडल्या जातात, नवरात्रानंतर उटणे, अभ्यंग तेल आणि सुगंधी चूर्णे येतात आणि दिवाळी सरताच च्यवनप्राशाचे डबे पुढे सरकतात. यातील पुष्कळसा माल मोठ्या कारखान्यांचा नसतो. आपल्यापैकीच कोणी वैद्य स्वतःच्या अनुभवातून उटण्याचा पाठ सिद्ध करतो, परवानाधारक निर्मात्याकडून तो बनवून घेतो आणि पाकिटावर सणाचे नाव, पणती, आकाशकंदील व गणपतीचे चित्र छापून विक्रीस ठेवतो. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा व आंबेहळद यांच्या प्रमाणाचा जितका विचार होतो, त्याच्या शतांशही विचार पाकिटावरील नावाचा होत नाही.

या नावाच्या निष्काळजीपणातून दोन प्रकारची हानी संभवते. एक तर आपण दुसऱ्याच्या हक्काच्या चिन्हावर नकळत पाय देतो आणि ऐन हंगामात वकिलाची नोटीस हाती पडते. दुसरी हानी अधिक मूक आहे. दहा-बारा वर्षे खपून लोकप्रिय झालेल्या आपल्या उटण्याचे नाव शेजारचा दुकानदार जसेच्या तसे छापतो आणि आपण त्याला रोखू शकत नाही, कारण ते नाव कायद्याच्या दृष्टीने आपले कधी नव्हतेच. प्रस्तुत लेखात या दोन्ही धोक्यांचा विचार करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की सणाचे नाव मालाला प्रसंग देते, ओळख देत नाही. ओळख स्वतःच्या नावानेच उभी करावी लागते.

व्यापारचिन्ह म्हणजे काय

व्यापारचिन्ह, अर्थात ट्रेडमार्क, म्हणजे एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू यावा यासाठी वापरलेले नाव, चित्र, अक्षररचना वा वेष्टनाची धाटणी. सध्या लागू असलेला व्यापारचिन्ह कायदा १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. या कायद्याचे कलम ९ आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. ज्या चिन्हात माल वेगळा ओळखण्याची क्षमता नाही, जे केवळ मालाचा प्रकार, गुण, उपयोग, उगमस्थान वा निर्मितीचा काळ सांगते, किंवा जे त्या व्यवसायात सर्रास रूढ झालेले आहे, त्याची नोंदणी सामान्यतः होत नाही.

ही कसोटी सणासुदीच्या नावांना लावून पाहावी. ‘दिवाळी उटणे’ यातील ‘उटणे’ हे मालाचे नाव आणि ‘दिवाळी’ हा त्याच्या उपयोगाचा प्रसंग. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला उटणे लागते हे महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक असल्याने या दोन शब्दांतून कोणत्याही एका औषधालयाची ओळख पटत नाही. ‘लालबाग उटणे’ म्हटले तर पहिला शब्द ठिकाण सांगतो. ‘अभ्यंग’ व ‘उद्वर्तन’ हे तर शास्त्रातील शब्द आहेत. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात ते सर्वांसाठी खुले आहेत. ‘त्रिफळा’, ‘सितोपलादि’, ‘च्यवनप्राश’ या ग्रंथोक्त नावांची गोष्ट वेगळी नाही. त्यांच्यावर कोणा एकाची मालकी नाही आणि नसावी.

कलम ९ मध्ये एक अपवाद आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी दीर्घ व व्यापक वापराने एखाद्या नावाला स्वतंत्र ओळख प्राप्त झाली असेल, तर वर्णनात्मक नावाचीही नोंदणी होऊ शकते. परंतु ते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो आणि वर्षातून तीन आठवडे विकल्या जाणाऱ्या उटण्याबाबत तो पेलणे कठीण असते.

‘श्री’ ते ‘रामायण’

मंगल व धार्मिक शब्दांचा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे फार पूर्वीपासून आहे. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात तुपाच्या एका जुन्या चिन्हाचे प्रकरण आले. त्या चिन्हात ‘श्री’ हे अक्षर ठळक होते. चिन्हाची नोंदणी असली तरी ‘श्री’ या शब्दावर स्वतंत्र हक्क सांगणार नाही असे जाहीर करावे, ही निबंधकांची अट न्यायालयाने कायम केली. देवतांच्या व व्यक्तींच्या नावांमागे सर्रास लावला जाणारा हा मंगलवाचक शब्द एका व्यापाऱ्याच्या मुठीत जाऊ नये, असा त्यामागील विचार होता. आजही नोंदणी प्रमाणपत्र हाती आले म्हणजे त्यातील प्रत्येक शब्द आपला झाला असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. कलम १७ नुसार नोंदणीने संपूर्ण चिन्हावर हक्क मिळतो. त्यातील सर्वसामान्य भागावर वेगळा हक्क मिळत नाही.

साठ वर्षांनंतर, २०१५ साली, ‘रामायण’ या नावाची अगरबत्ती त्याच न्यायालयापुढे आली. पवित्र ग्रंथाचे नाव कोणी एका मालासाठी आपले एकट्याचे व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवू शकत नाही, असा निर्णय झाला. त्या व्यवसायातील अनेकजण तेच नाव वापरीत आहेत, याचीही न्यायालयाने दखल घेतली. मात्र त्या शब्दाला दुसरा शब्द जोडल्याने त्याचा धर्मग्रंथवाचक अर्थ मागे पडत असेल तर नोंदणीचा विचार होऊ शकतो, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली.

देवतांच्या नावांबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ साली ‘कृष्ण’ या नावाच्या तुपासंबंधी दिलेला निर्णय व्यवहाराला अधिक उपयोगी आहे. एका निर्मात्याकडे ‘कृष्ण’ या नावाची नोंदणी होती, तरी देवतेचे सर्वपरिचित नाव मुळात वेगळेपणाचे नसते, म्हणून दुसऱ्याला ते वापरण्यास सरसकट बंदी घातली गेली नाही. दुसऱ्याने मात्र त्या नावाआधी स्वतःचे नाव तितक्याच ठळकपणे छापावे, अशी व्यवस्था झाली. स्वतःचे नाव ठळक असावे, हा धडा येथून घेण्याजोगा आहे.

याचा अर्थ देवाचे नाव असलेले कोणतेही चिन्ह निर्धोक आहे, असा मात्र नव्हे. देवतेचे नाव असलेली अनेक चिन्हे दीर्घ वापराने प्रतिष्ठित झालेली आहेत आणि त्यांचे मालक ती जपतात. शिवाय नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असेल, तर कलम ९ खाली नोंदणी नाकारली जाते. सण ही लोकांची सामायिक ठेव आहे, ही भावना जगभर आहे. २०१३ साली डिस्ने कंपनीने मेक्सिकोतील मृतात्म्यांच्या सणाच्या नावावर अमेरिकेत व्यापारचिन्हाचे अर्ज केले, तेव्हा उसळलेल्या संतापामुळे ते थोड्याच दिवसांत मागे घ्यावे लागले.

आयुर्वेदाची दोन प्रकरणे

आपल्या व्यवसायातील दोन निर्णय व्यापारचिन्ह कायद्याच्या प्रत्येक अभ्यासकाला पाठ असतात, पण वैद्यवर्गाला ते क्वचितच ठाऊक असतात. पहिला ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांचा. ‘अमृतधारा’ हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रसिद्ध असलेले औषध. ‘लक्ष्मणधारा’ त्यानंतरचे, १९२३ पासूनचे. ‘अमृत’ आणि ‘लक्ष्मण’ हे शब्द भिन्न आहेत, त्यांचे अर्थ भिन्न आहेत. तरीही १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दोन नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरविली. ग्राहक दोन बाटल्या शेजारी ठेवून अक्षरे तपासत नाही. तो सामान्य बुद्धीचा असतो, त्याची स्मृती अपुरी असते आणि नावाचा एकंदर ठसा घेऊनच तो दुकानात येतो. लक्ष्मणधारेच्या मालकाला नोंदणी मिळाली, ती दीर्घकाळ चाललेला वापर व दुसऱ्या पक्षाने त्याकडे केलेले दुर्लक्ष यामुळे, आणि तीही उत्तर प्रदेशापुरती. यातून दुहेरी बोध होतो. शब्दाचा अर्धा भाग बदलला म्हणजे आपण सुटलो असे समजू नये. आणि आपल्या नावाची नक्कल दिसत असता वर्षानुवर्षे गप्पही बसू नये.

दुसरे प्रकरण १९६४ सालचे, ‘नवरत्न’ या नावाचे. एर्नाकुलम येथील नवरत्न फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज आणि पंजाबातील एका कविराजांची फार्मसी यांच्यातील हा वाद. ‘नवरत्न’ हा शब्द आयुर्वेदीय कल्पांसाठी रूढ असल्याने त्या एकट्या शब्दाची नोंदणी टिकली नाही, पण संस्थेचे पूर्ण नाव हे नोंदलेले चिन्ह म्हणून टिकले आणि त्याचा भंग झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. याच निर्णयात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट झाला. नोंदणी नसताना केवळ ‘आपला माल दुसऱ्याचा म्हणून विकला’ असा आरोप असेल, तर वेष्टन, रंग व निर्मात्याचे नाव यांतील वेगळेपणा दाखवून प्रतिवादी सुटू शकतो. नोंदलेल्या चिन्हाचा गाभाच उचलला असेल, तर मात्र पाकिटाचा रंग वेगळा होता या सबबीचा उपयोग होत नाही.

औषधांच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडक आहे. नावाच्या गोंधळामुळे चुकीचे औषध रुग्णाच्या पोटात गेल्यास परिणाम गंभीर होऊ शकतात, म्हणून औषधांच्या नावांतील साम्य काटेकोरपणे तपासावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दोन कॅडिला कंपन्यांमधील ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या हिवतापावरील औषधांच्या वादात सांगितले. सणाच्या निमित्ताने काढलेल्या पाचक वा कफनाशक औषधालाही हा दंडक लागू पडतो.

मंडळाचे नाव, मूर्तीचे छायाचित्र

आमच्या विभागात एक मोह विशेष आहे. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा, गणेश गल्लीचा ‘मुंबईचा राजा’ १९२८ पासूनचा आणि लालबागचा राजा १९३४ पासूनचा. या नावांची पुण्याई आपल्या तेलाच्या बाटलीवर उतरावी असे एखाद्या औषधालयाला वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ‘गणपती’ हे सर्वांच्या देवतेचे नाव आहे, तर ही नावे विशिष्ट मंडळांची ओळख आहेत. बाटलीवर असे नाव छापले, तर हा माल मंडळाने काढला आहे वा त्याला मंडळाची संमती आहे, असा ग्राहकाचा समज होतो. असा समज करून देणे हाच या कायद्यातील मूळ अपराध. नावाची नोंदणी झालेली असो वा नसो, कलम २७ नुसार जुन्या ओळखीच्या नावाला संरक्षण मागता येते. म्हणून मंडळाची लेखी परवानगी घेतल्याखेरीज असे नाव मालावर येऊ नये.

छायाचित्राचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार मूर्ती ही कलाकृती असून तिच्यावर मूर्तिकाराचा हक्क संभवतो. छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असतो. सार्वजनिक स्थळी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याची सवलत कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. पण अनंत चतुर्दशीला विसर्जित होणारी मूर्ती ‘कायम उभी’ म्हणता येईल काय? या सवलतीवर विसंबून हजारो वेष्टने छापणे शहाणपणाचे नाही. चित्र हवेच असेल तर चित्रकाराकडून स्वतंत्र रेखाटन करून घ्यावे आणि त्याचे हक्क लेखी स्वरूपात आपल्याकडे घ्यावेत.

दिवाळीच्या किल्ल्यांमुळे आणखी एक चूक घडते. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव व चित्र समाविष्ट आहे. त्यांचा व्यापारासाठी वापर निषिद्ध आहे. दिनदर्शिकांवरील चित्राला मर्यादित सवलत आहे, पण ती दिनदर्शिका मालाच्या जाहिरातीसाठी वापरली जात नसेल तरच. औषधालयाची जाहिरात असलेली दिनदर्शिका दिवाळीत ग्राहकांना वाटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

केवळ विकणाऱ्याचीही जबाबदारी

‘माल आम्ही बनविला नाही, फक्त विकला’ हे उत्तर अपुरे आहे. खोटे चिन्ह लावलेला माल विक्रीसाठी ठेवणे हाही कलम १०४ खाली गुन्हा असून त्यास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, संशयास जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, असे सिद्ध करणाऱ्या विक्रेत्याला संरक्षण मिळते. म्हणून सणाच्या गर्दीत बिलाविना घेतलेली स्वस्त उटण्याची खोकी हा दुहेरी धोका आहे.

औषधी कायद्याची बाजूही विसरू नये. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम ३३ईईए नुसार दुसऱ्या औषधाच्या नावाने विकलेले, अथवा फसगत होईल इतके दुसऱ्यासारखे दिसणारे आयुर्वेदीय औषध ‘बनावट’ ठरते. म्हणजे नावाची नक्कल हा केवळ दोन व्यापाऱ्यांमधील दिवाणी वाद राहत नाही. तो परवान्यावर येऊ शकतो. उलटपक्षी, अन्न व औषध प्रशासनाने दिलेला परवाना वा वस्तू व सेवा कराची नोंदणी यांमुळे नावावर हक्क मिळत नाही. आमच्या पाहण्यात हा गैरसमज सर्वाधिक आहे.

मग करावे काय

प्रथम नावाची रचना. पाकिटावर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. औषधालयाचे वा मालाचे स्वतःचे, कल्पित व वेगळे नाव मोठ्या अक्षरांत असावे. ‘दिवाळीनिमित्त’, ‘अभ्यंगस्नानासाठी’ हे शब्द त्याखाली लहान अक्षरांत, वर्णन म्हणून यावेत. असा प्रामाणिक वर्णनात्मक वापर कलम ३० व ३५ खाली कोणीही करू शकतो; तो करण्यापासून आपल्याला कोणी रोखू शकत नाही आणि आपणही इतरांना रोखू नये. या बाबतीत मोती साबणाचे उदाहरण बोलके आहे. पूर्वी टाटा ऑइल मिल्सचा व नंतर हिंदुस्तान लिव्हरचा (आज हिंदुस्तान युनिलिव्हर) हा साबण महाराष्ट्रात दिवाळीशी एकरूप झाला, परंतु त्याच्या नावात दिवाळी नाही. सण लोकांनी जोडला; नाव मालकाचे राहिले.

दुसरे, शोध. छपाईला देण्यापूर्वी व्यापारचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर नावाचा शोध विनामूल्य घेता येतो. नाव रोमन लिपीत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे तपासावे, उच्चारसाम्यही पाहावे. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जाणारे उटणे, साबण व अगरबत्ती वर्ग ३ मध्ये, तर औषधे वर्ग ५ मध्ये मोडतात. ज्या उटण्यावर त्वचारोगासंबंधी दावा आहे ते औषधाकडे झुकते, म्हणून दोन्ही वर्ग पाहावेत.

तिसरे, अर्ज. महाराष्ट्रासाठीचे नोंदणी कार्यालय अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये व इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यापासून ४ महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहावे. वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह नोंदणीपूर्वी छापणे दंडास पात्र आहे.

चौथे, पुरावा. कलम ३४ नुसार दुसऱ्याच्या नोंदणीपूर्वीपासून व त्याच्या वापरापूर्वीपासून सातत्याने नाव वापरणाऱ्याला नोंदणीधारक रोखू शकत नाही. पण सणाचा माल वर्षातून एकदाच निघतो, म्हणून हे सातत्य कागदांवरूनच दिसते. दरवर्षीच्या वेष्टनाचा एक नमुना, छापखान्याचे बिल, विक्रीची बिले व जाहिरातीचे कात्रण एका धारिकेत तारखेसह ठेवावे. नोंदणीनंतर सलग ५ वर्षांहून अधिक काळ माल निघालाच नाही, तर ती नोंदणी रद्द करण्याची मागणी होऊ शकते, हेही लक्षात असावे.

पाचवे, वेळ. दिवाळीची वेष्टने श्रावणात छापखान्यात जातात. शोध आषाढात झाला, तर नाव बदलण्याचा खर्च शून्य असतो. हाच वाद आश्विनात उद्भवला आणि न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, तर संपूर्ण हंगाम गोदामात पडून राहतो. सणानंतर तो उठला तरी उटण्याला गिऱ्हाईक नसते. मोठ्या कारखान्याला एका हंगामाचा तोटा सोसता येतो; दोन खोल्यांच्या औषधालयाला तो वर्षभर पुरतो.

नोटीस आलीच तर ती बाजूला टाकू नये आणि घाबरून लेखी कबुलीही देऊ नये. नोटीस पाठविणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, वर्ग व वापराची तारीख तपासावी, आपली धारिका काढावी आणि या विषयातील वकिलाचा सल्ला घ्यावा. कित्येकदा समोरच्याचा हक्क संपूर्ण चित्रावर असतो, आपण वापरलेल्या सर्वसामान्य शब्दावर नसतो. तर कधी आपलीच बाजू लंगडी असते आणि पुढील छपाईत नाव बदलण्याची तडजोड स्वस्त पडते. दोन्ही गोष्टी कागद पाहिल्यावरच कळतात.

उटण्याचा पाठ उत्तम असेल तर ग्राहक पुढच्या वर्षी ते मागायला परत येतो. त्या वेळी त्याने ‘दिवाळीचे उटणे द्या’ म्हटले, तर समोर येईल ते पाकीट तो नेईल. आपल्या नावाने मागितले, तर ते उटणे आपले. यंदाच्या वेष्टनाचा मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वी हा फरक पाहून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.